घाटात पाच मिनिटं लवकर

पत्र

मेस्त्री, सप्रेम नमस्कार. फोंडा तालुक्यात माझा टोइंगचा धंदा आहे. गाडी २०१८ ची, बीएस-४, कागदोपत्री १०० हॉर्सपॉवर, मागे १४ फुटी फ्लॅटबेड नि विंच. दोन लाख किलोमीटर झाले. बेळगाव-कोल्हापूरकडच्या ज्या गाड्या गोव्यात बंद पडतात त्या घरी पोचवायच्या, हे माझं मुख्य काम. सपाटीला काही त्रास नाही. पण मोठी एसयूव्ही पाठीवर असली की अनमोड घाटात पहिली काही वळणं बरी चढते, मग ओढच जाते. टेंपरेचरचा काटा वर सरकतो, ड्रायव्हर दुसऱ्या गियरवर येतो, वेग वीसवर. पाठीमागे लाईन लागते, हॉर्न सुरू होतात, नि गाडीचा मालक शेजारी बसून ‘जाईल ना हो वर?’ म्हणून विचारतो.

बेळगावहून एक जण लॅपटॉप घेऊन येतो. इंजिनाचं रिमॅपिंग करून देतो म्हणतो. २५ टक्के ताकद वाढेल, ॲव्हरेजही वाढेल, १८ हजार रुपये. ईजीआर, म्हणजे प्रदूषण कमी करायला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वाल्व, तोही बंद करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. माझ्या मेव्हण्याने आपली डिझेल कार त्याच्याकडूनच करून घेतली, वर्ष झालं, एकदम झकास पळते. बायको म्हणते, आधी गाडीचे राहिलेले हप्ते फेडा. करू की नको?
– एक टोइंगवाला, फोंडा तालुका

उत्तर

सप्रेम नमस्कार. उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण सदर शेवटपर्यंत वाचायला तुम्हाला वेळ मिळेलच असं नाही, मध्येच कुणाचा तरी फोन येईल. या गाडीला, आजच्या अवस्थेत, रिमॅप नको. ईजीआर बंद करणं तर मुळीच नको, फुकट असलं तरी. आता का, ते सांगतो.

लॅपटॉपवाला फसवतो आहे असं मी म्हणत नाही. रिमॅपिंग ही खरी गोष्ट आहे. तुमच्या इंजिनाला किती डिझेल द्यायचं, ते कधी द्यायचं, कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर किती ठेवायचं, टर्बोने किती हवा कोंबायची, हे सगळं ईसीयूमधले, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले, तक्ते ठरवतात. रिमॅपिंग म्हणजे ते तक्ते बदलणं. आरपीएम इतका, पॅडल इतकं दाबलेलं, तर डिझेल इतकं. कंपनी हे आकडे भरताना थोडी मोकळी जागा राखून ठेवते. कुणी भेसळीचं डिझेल भरेल, कुणी एअर फिल्टर वर्षभर बदलणार नाही, कुणी मे महिन्यात भरउन्हात लोड घेऊन चढेल, हे तिला ठाऊक असतं. रिमॅप करणारा त्या मोकळ्या जागेतली काही खातो नि ती ताकद म्हणून तुमच्या हातात देतो. टर्बो डिझेलला २०-२५ टक्के वाढ मिळते, यात खोटं काही नाही.

मेव्हण्याची कार झकास पळते, यावरही माझा पूर्ण विश्वास आहे. पण मेव्हणा ती वाढलेली ताकद वापरतो किती वेळ? नव्या झुआरी पुलावर पुढचा टेंपो मागे टाकायला आठ-दहा सेकंद. मग पाय सैल, इंजिन निवांत. तुम्ही घाटाच्या पायथ्याच्या मोल्याहून निघालात की वीस-पंचवीस मिनिटं पाय फळीला टेकलेला. दोघांची फाईल एकाच लॅपटॉपमधून आली असली तरी त्या दोन इंजिनांचं आयुष्य एक नव्हे.

हे मला कसं कळलं तेही सांगतो, त्यात माझीच लाज आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या खाणपट्ट्यात लॅपटॉप नव्हता, स्क्रू ड्रायव्हर होता. टिपरवाल्याला पैसे ट्रिपांवर. दिवसाला एक ट्रिप जास्त बसली तर महिन्याचा हिशोब बदलायचा. मग यायचे, ‘मेस्त्री, पंप जरा वाढव.’ मी पंपाचं शिशाचं सील तोडायचो, स्क्रूला पाव फेरा द्यायचो, गाडी काळा धूर सोडत सुसाट जायची, मालक खूश. त्यातल्याच एकाने महिन्याभराने मध्यरात्री टिपर ओढून आणला. सकाळी हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड मेणबत्तीसारखी ओघळली होती, नि ओघळाच्या शेजारी करंगळी जाईल एवढं भोक. तो पिस्टन अजून माझ्या टेबलावर आहे, पेनं ठेवायला. मालकाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण गाडी उभी राहिली त्या तीन आठवड्यांचे हप्ते त्याने कसे भरले ते मी विचारलं नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ते टिपर जागेवर गंजले, नि माझी ही हौसही तिथेच संपली.

पिस्टन का वितळतो, हे समजून घ्या. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही थोडा आधी. आणि लोडला असलेल्या डिझेल इंजिनाच्या एक्झॉस्टमधला वायू ७०० अंशांच्या पुढे सहज जातो, आत ज्वलन होतं तिथे तर त्याच्या कितीतरी पट. तरी पिस्टन टिकतो, कारण खालून त्याच्यावर ऑइलची धार मारली जाते नि रिंगांमधून उष्णता सिलिंडरच्या भिंतीला, तिथून कूलंटला जाते. येणारी नि जाणारी उष्णता बरोबरीत असते तोवर सगळं ठीक. दहा सेकंद जास्त आली तर धातू ती पचवतो. वीस मिनिटं जास्त येत राहिली की पचवत नाही. टर्बोचंही तेच, हेड गास्केटचंही तेच.

आता तुमच्या पत्रातल्या आकड्यांकडे वळतो, कारण मला सर्वांत जास्त खटकलं ते तिथे. गाडी, फ्लॅटबेड, वर फॉर्च्युनरसारखी दोन टनांच्या पुढची एसयूव्ही, सगळं मिळून सहा टन धरू. चढ ६ टक्के धरू, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सहा मीटर वर. एवढं वजन ताशी ३० च्या वेगाने चढवायला, टायरचा विरोध आणि गियरबॉक्स-डिफरन्शियलमधली घट धरून, इंजिनाला सुमारे ५५ हॉर्सपॉवर लागते. ताशी ४० ने चढवायला सुमारे ७३. मध्येच ८ टक्क्यांचा तुकडा आला तरी तिशीच्या वेगाला ७० च्या आसपास. फॅन, एसी, अल्टरनेटर यांचे अजून थोडे घाला. आणि तुमची गाडी कागदावर १०० ची. म्हणजे कंपनीने दिलेल्या ताकदीतच ती पस्तीस-चाळीसने चढायला हवी.

ती चढते वीसने. वीसला ६ टक्के चढावर ३७ च्या आसपास हॉर्सपॉवर पुरते. शंभरातले निम्मेही घोडे घाटाच्या वरच्या भागात चाकापर्यंत पोचत नाहीत. मग २५ टक्के वाढवून काय मिळणार? फुटक्या घागरीत एक तांब्या जास्त ओतायचा, एवढंच.

आता तुमच्याच पत्रातली आणखी एक ओळ पुन्हा वाचा. पहिली वळणं बरी चढते, मग ओढ जाते, काटा वर सरकतो. हे फार मोलाचं लिहिलंत. ताकदच कमी असती तर पहिल्या वळणापासून कमी असती. तापल्यावर जाते, याचा अर्थ बहुतेक असा की ईसीयूच डिझेल कमी करतो आहे. कूलंट ठरावीक तापमानाच्या वर गेलं, किंवा टर्बोतून येणारी हवा फार गरम झाली, की इंजिन वाचवायला तो स्वतःहून पाय काढून घेतो, तुमच्या ड्रायव्हरचा पाय कितीही फळीला असू दे. रिमॅप करणारे काही जण या मर्यादाही वर सरकवतात, कारण त्याशिवाय गिऱ्हाइकाला घाटात फरक जाणवत नाही. तसं झालं तर वॉचमनला रजा देऊन दार उघडं टाकल्यासारखं होईल.

तेव्हा आधी गाडी कुठे तापते ते शोधा. आपल्याकडे पहिला संशय रेडिएटरवर. तुम्ही म्हणाल, दर आठवड्याला पाण्याचा फवारा मारतो, जाळी चकाचक आहे. समोरून दिसते ती रेडिएटरची जाळी नसतेच. आधी टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर, काही गाड्यांत एसीचा कंडेन्सर, आणि त्यामागे रेडिएटर, असे एकामागे एक लावलेले असतात, मध्ये दोन बोटांची फट. मागच्या चवथीच्या आधी माझ्याकडे अशीच एक पिकअप आली होती, धारबांदोड्याच्या बाजूची. समोरून निर्मळ. पोराला म्हटलं इंटरकूलरचे बोल्ट काढ आणि पुढे ओढ. आत लाल मातीचा थर बसलेला, त्यात पावसाळ्यातले मेलेले किडे नि कुठूनतरी आलेला नारळाचा काथ्या, सगळं वाळून एकजीव झालेलं. बोटाने उचललं तर घावनासारखा अख्खा निघून आला. फवारा मारून मारून मालकाने पुढची माती मागे ढकलून तिथे थापली होती. साफ केलं, आतून बाहेर, कमी प्रेशरने, कारण जास्त प्रेशरने जाळीच्या पट्ट्या दुमडतात आणि मग हवा कायमची बंद. काटा जागेवर आला. मजुरीशिवाय खर्च शून्य.

तेवढ्यावर थांबू नका. रेडिएटरची कॅप बघा. कॅप प्रेशर धरते म्हणून पाणी शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही. तिचं रबर कडक झालं, प्रेशर गळायला लागलं, की त्याच तापमानाला कूलंट उकळतो. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे, पण मी हेड बदललेल्या गाड्या पाहिल्या आहेत ज्यांची कॅप कुणी बदलली नव्हती. ड्रायव्हर वाटेत विहिरीचं पाणी ओततो का, विचारा. खरं सांगणार नाही, पण विचारा. इंजिन कडक तापलेलं असताना फॅन जोरात धरतो का, की हाताने ढकलल्यासारखा सुस्त फिरतो, तेही पाहा. सिलिकॉन ऑइलवर चालणारा फॅन क्लच असेल तर दोन लाख किलोमीटरांत त्याचा दम गेलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरा संशय हवेच्या गळतीवर. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत रबरी होज असतात, क्लिपने आवळलेल्या. लोडला त्यांच्या आत बाहेरच्यापेक्षा दीडेक बार जास्त प्रेशर असतं. क्लिपच्या खाली, जिथे नजर जात नाही अशा बाजूला, नखाएवढी चीर पडते. गाडी उभी असताना ती मिटलेली असते, काहीच कळत नाही. लोडला उघडते. हवा बाहेर, डिझेल मात्र आत येतच असतं, मग काळा धूर, कमी ताकद आणि जास्त उष्णता, तिन्ही एकदम. ओळखायची सोपी खूण म्हणजे इंजिन थंड असताना होजच्या खालच्या बाजूने हात फिरवा. एका जागी बोटाला ऑइलची चिकट ओल नि तिच्यावर चिकटलेली धूळ लागली, की चीर तिथेच. मग होज काढून वाकवून बघा, हसल्यासारखी उघडते.

ईजीआर राहिला. एक्झॉस्टमधला थोडा वायू परत इंजिनात सोडून ज्वलनाचं तापमान खाली ठेवणं, त्यामुळे नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होणं, हे त्याचं काम. दोन लाख किलोमीटरांनंतर त्याच्या वाल्वमध्ये आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, काजळी नि ऑइलची वाफ मिळून डांबरासारखा लगदा होतो, वाल्व उघडा अडकतो, इंजिनाला शुद्ध हवा कमी पडते. लोक म्हणतात ईजीआर वाईट. अहो, तो तुंबलाय. उतरवून साफ करा, मॅनिफोल्डसकट. एका दिवसाचं काम आहे. बंद करून घेतलात तर गाडी बीएस-४ म्हणून जी नोंदली आहे ती उरणार नाही.

इथे कायद्याचं दोन ओळींत सांगतो, वकिली करण्याची हौस मला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. नव्या कार्डाची आरसी काढा, क्युबिक कपॅसिटीच्या शेजारी हॉर्सपॉवरही लिहिलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रदूषणाचं कलम १९० वेगळं, तिथे दहा हजारांपर्यंत दंड नि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. तुम्ही म्हणाल, ईसीयूच्या आत कोण बघतो? रोज कोणी बघत नाही, खरंय. आणि पीयूसीला गाडी उभ्या जागी न्यूट्रलमध्ये रेस करून बघतात, तिथे रिमॅप केलेली गाडीही पास होऊन जाते, कारण लोडचा धूर तिथे निघतच नाही. पण तुमच्या पाठीवर कायम दुसऱ्याची गाडी असते, हे विसरू नका. घाटात काही झालं, विम्याचा सर्व्हेअर आला, आणि इंजिनात न कळवलेला बदल सापडला, तर क्लेम अडवायला विमा कंपनीच्या हातात आयतं कारण जातं. वीस-पंचवीस लाखांची कुणाची तरी गाडी वर आणि क्लेम अडकलेला, ही वेळ १८ हजारांसाठी विकत का घ्यायची?

समजा सगळं साफसूफ झालं, घोडे परत आले, तरीही तुम्हाला रिमॅप हवाच आहे. मग मिळणार काय ते मोजा. दहा किलोमीटरचा घाट ताशी ३० ने वीस मिनिटांचा, ताशी ४० ने पंधरा मिनिटांचा. पाच मिनिटं. तीही वळणांनी आणि पुढच्या कोळशाच्या ट्रकने चाळीस धरू दिले तर. त्या पाच मिनिटांसाठी इंजिनाने १८ हॉर्सपॉवर जास्त द्यायची, म्हणजे १३ किलोवॉट. डिझेलमधून जेवढी ताकद चाकाकडे जाते, तिच्याहून थोडीच कमी उष्णता कूलंट नि इंटरकूलरकडे जाते. जास्तीचे दहा-बारा किलोवॉट त्याच जुन्या रेडिएटरने, चाळीसच्या वाऱ्यात, बाहेर टाकायचे. घरातला पाणी तापवायचा गीझर दोन-तीन किलोवॉटचा असतो. तसे चार-पाच गीझर बोनेटखाली चालू केलेत म्हणा.

नि ताकद वाढली म्हणजे क्लच वाढत नाही, गियरबॉक्स वाढत नाही. तुम्ही ज्या फॉर्च्युनर पाठीवर घेता, तिच्याच माहितीपत्रकात बघा. तेच २.८ लिटरचं इंजिन, तीच २०४ पीएस (हॉर्सपॉवरच म्हणा), पण ऑटोमॅटिकला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ५०० न्यूटन मीटर नि मॅन्युअलला ४२०. स्कॉर्पिओ-एनच्या १७५ पीएसच्या डिझेलला ऑटोमॅटिकमध्ये ४००, मॅन्युअलमध्ये ३७०. इंजिन देऊ शकतं हे कंपनीला ठाऊक असूनही गियरबॉक्स बघून तिने हात आखडता घेतला. लॅपटॉपवाला तुमचा गियरबॉक्स बघणार आहे का? तुमची क्लच प्लेट किती उरली आहे, हे त्याने विचारलं का? सपाटीला वरच्या गियरमध्ये, चाळीसच्या वेगाला, एकदम पाय दाबून बघा. आरपीएम चढला नि वेग मागे राहिला, तर क्लच आजच घसरतोय. त्या वासाची ओळख करून द्यायला मी नको.

ॲव्हरेजचं म्हणाल तर, सहा टन वजन पाचशे मीटर उंच न्यायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी लागणारच. ती साधारण ८ युनिट, विजेच्या मीटरवर मोजतो ते युनिट. एक लिटर डिझेलमध्ये जवळजवळ १० युनिट असतात, त्यातली तिसऱ्या हिश्शाच्या थोडी वर कामाला येतात. म्हणजे फक्त वर चढण्यासाठी सव्वादोन लिटरच्या आसपास. कुठलीही फाईल त्यातलं अर्धं माफ करू शकत नाही. रिमॅपनंतर ज्यांना ॲव्हरेज वाढल्याचं दिसतं ते बहुधा हलक्या पायाने चालवतात. तुमचा ड्रायव्हर ताकद मिळाली की ती वापरेल. मीही वापरीन.

तरीही एखादा म्हणेल, माझं मी बघून घेतो. त्याच्यासाठी सांगतो, निदान माणूस कसा ओळखावा. मूळ फाईल वाचून तिची कॉपी तुमच्या हातात पेनड्राइव्हवर देतो का. आधी नि नंतर डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवून कागद देतो का. गाडी लोडला चालवून रेल प्रेशर, टर्बोचं प्रेशर, एक्झॉस्टचं तापमान यांची नोंद घेतो का, की गॅरेजच्या सावलीत बसून पंधरा मिनिटांत कुणाची तरी तयार फाईल ओततो. तापमानाच्या मर्यादांना हात लावणार का, याचं सरळ उत्तर देतो का. नि तुम्ही टोइंग करता असं सांगितल्यावर त्याच्या कपाळाला एक तरी आठी पडते का. जो ईजीआर फुकटात बंद करून देतो त्याच्याबद्दल माझं मत तिथेच ठरतं. ऑनलाइन डब्या मिळतात, वायरमध्ये लावायच्या, त्यांना तर हातही लावू नका. रेल प्रेशर कमी आहे अशी खोटी खबर त्या ईसीयूला देतात, मग तो बिचारा प्रेशर वाढवत बसतो नि खरा आकडा कुणालाच कळत नाही.

माझ्या मते तुमचे १८ हजार असे खर्च होऊ द्या. आधी गाडी रिकामी वजनकाट्यावर घाला. खाणपट्ट्यात काट्यांची काय कमी. फॅब्रिकेटरने फ्लॅटबेडला किती जाडीची चेकर प्लेट मारली आहे, खाली किती चॅनेल वेल्ड केले आहेत, हे काटाच सांगेल. वर्षानुवर्षं पेटीत साठलेल्या साखळ्या, दोन जास्तीच्या स्टेपन्या, तुटलेला जॅक, सगळं उतरवून पुन्हा काटा करा. एका मालकाच्या गाडीतून आम्ही असं सव्वादोनशे किलो खाली काढलं होतं, त्यात अर्धं पोतं सिमेंटही होतं, दगड झालेलं. मग आरसीवर परवानगी किती वजनाची आहे ते बघा नि वजाबाकी करा. उरतं ते तुमच्या पाठीवर चढू शकणाऱ्या गाडीचं वजन. आकडा दोन टनांच्या खाली आला तर फॉर्च्युनर घेऊन तुम्ही आजही ओव्हरलोडच जाताय. त्याला दंड २० हजार नि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २ हजार. रिमॅपने आरसीवरचा आकडा वाढत नाही, नि ब्रेकचे लायनरही वाढत नाहीत. हीच गाडी परतीच्या फेरीला बेळगावहून काही घेऊन घाट उतरते तेव्हा लॅपटॉपची फाईल तुमच्या काहीच कामाची नाही, तिथे दुसरा गियर नि एक्झॉस्ट ब्रेकच कामाला येतो.

ड्रायव्हरला एक गोष्ट बजावा. इंजिन धापा टाकायला लागल्यावर गियर पाडायचा नाही, त्याच्या आधी पाडायचा. आरपीएम हजार-बाराशेवर आणून, पाय फळीला लावून, तिसऱ्यात रेटत राहणं हे इंजिनाला सर्वांत वाईट. पाण्याचा पंप मंद, ऑइल पंप मंद, फॅन मंद, आणि आतली आग पूर्ण. एक गियर खाली, आरपीएम दोन हजाराच्या जवळ, पाय थोडा सैल. आवाज जास्त होईल, काटा खाली राहील. पाठीमागच्यांना हॉर्न वाजवू दे. मोकळी जागा आली की बाजूला घेऊन दहा गाड्या सोडा, कदंबच्या सरकारी बसचे ड्रायव्हरही तेच करतात.

नि शेजारी बसून ‘जाईल ना हो वर’ विचारणाऱ्याचं एवढं मनावर घेऊ नका. त्याची गाडी बंद पडलीय, तुमची चालू आहे.

आता वहिनींच्या मुद्द्यावर. त्या बरोबर आहेत, पण पूर्ण नाही. रेडिएटर, होज, ईजीआरची सफाई, कॅप, डिझेल फिल्टर, हे सगळं हप्ते संपायची वाट न बघता याच महिन्यात करा, पाऊस सुरू व्हायच्या आत. तापलेलं इंजिन हप्ते संपेपर्यंत थांबत नाही. दोन टनांच्या वरच्या गाड्या मोठा ट्रक असलेल्या एखाद्याशी बोलून त्याच्याकडे वळवा नि फोनमागे तुमचं कमिशन ठरवा. वर्षभर वही ठेवा, अशा किती गाड्या सोडल्या त्याची. आकडा मोठा निघाला तर हप्ते संपल्यावर मोठी गाडी घ्यायची की नाही, ते त्या वहीवरून ठरवा.

काम करून झाल्यावर एकदा लोड घेऊन अनमोड चढा, काटा कुठवर गेला नि वेग किती राहिला ते लिहून पाठवा. वजनकाट्याची पावतीही पाठवा, चेकर प्लेटची जाडी ओळखण्यात मी आजवर कुणाला हरलेलो नाही.